दोन बोटं डावीकडे

गेलेल्या माणसाचे हत्यार त्याच्या माघारी काम करत राहते, ही कल्पना कथांच्या दुनियेत फार जुनी आणि फार फिरलेली आहे. कुठे ती विणकराच्या धोट्याला चिकटते, कुठे नावाड्याच्या वल्ह्याला, कुठे सुईणीच्या कंदिलाला. हत्यार बदलते, सांगाडा बदलत नाही. कारागीर काम अर्धे टाकून जातो, मागे राहिलेला माणूस अडतो आणि हत्यार आपणहून हलते. धोटे आणि वल्ही अडगळीत गेली तेव्हा त्यांच्याबरोबर ही कथाही जाईल असे वाटले होते. ती गेली नाही. तिने कचेरीत नोकरी धरली.

येथे द्यायची कथा पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीतली आहे आणि तिचे तीन पाठ ऐकायला मिळतात. खोदकामाच्या टोळीत चालणाऱ्या पाठात काळोखी रात्र आहे, वादळ आहे, शिवाय पांढऱ्या कपड्यांतली एक आकृतीही आहे; ती कुठून आली हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या पाठात सगळा जीव दुरुस्तीत अडकलेला असल्यामुळे भुताला शेवटी घाईघाईने उरकले जाते. तिसरा पाठ त्या खोलीत प्रत्यक्ष बसलेल्या बाईंचा. त्यात रात्र नाही, वादळ नाही. शुक्रवारची सकाळ आहे, अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि माऊस चालत नाही. तिन्हीसांजेइतकीच भर दुपारही भुतांच्या सोयीची असते हे जाणकार विसरत नाहीत. म्हणून हा तिसरा पाठ अधिक विश्वासाचा मानून पुढे दिला आहे.

त्या बाईंना कचेरीत सगळे नकाशावाली म्हणत. शहराच्या पोटात पसरलेले पाण्याचे पाइप आणि ते बंद-चालू करणारे व्हॉल्व्ह संगणकावरच्या नकाशात उतरवायचे, हे तिचे काम. एकूण चारशे बारा व्हॉल्व्ह. तिची खोली तळमजल्यावर, पंपघराला पाठ लावून होती. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसलेली. त्यामुळे दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावावी लागे. फरशीखालून शहराची मुख्य वाहिनी गेली होती. तिची घुमणारी घरघर इतकी अंगवळणी पडलेली की एखाद्या नवख्याने "हा कसला हो आवाज?" असे विचारल्यावरच ती पुन्हा ऐकू येई. ओल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास मात्र कधीच जात नसे.

हे चारशे बारा व्हॉल्व्ह तिने एकटीने शोधले नव्हते. ते सगळे एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होते. खांद्याएवढी उंच लोखंडी चावी घेऊन हा माणूस अडतीस वर्षे रस्तोरस्ती व्हॉल्व्ह फिरवत हिंडला, म्हणून तो चावीकाका. निवृत्त झाल्यावरही त्याला बोलावून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवले होते: त्याने सांगायचे, तिने टिंब द्यायचे. पण काका सांगायचा तो स्क्रीनवर बोट टेकवून. त्या बोटाला ग्रीस असायचेच.

"काका, काच आहे ती, रस्ता नाही!"

"पोरी, चाळीस वर्षं जमिनीला हात लावून काम केलं. आता हवेत बोट दाखवू होय?"

शेवटी तिने त्याच संगणकाला आणखी एक बिनतारी माऊस जोडला, खास काकासाठी. संगणक एक, बाण एक, माऊस दोन. अशी व्यवस्था जगात दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही, कारण ती चालण्यासारखी नाहीच. बाण तिने उजवीकडे न्यावा, काकाने डावीकडे ओढावा. "सोडा ना काका!" "तू सोड!" असा दंगा दिवसभर चाले. मग दोघांत एक नियम ठरला. काका बोलू लागला की तिने आपला माऊस उलटा करून पोटाचा स्विच बंद करायचा. तिचा बंद, त्याचा चालू.

काकाच्या हाताला कंप होता. त्यामुळे त्याचा बाण ठेचकाळत चाले, आणि जागा सापडली की तिच्याभोवती तीन गोल फेऱ्या मारून मगच थांबे. झाकण उघडण्याआधी चावीने त्यावर तीनदा ठोकायचे, ही त्याची रस्त्यावरची सवय. ती इथे अशी उतरली होती. तिने तिथे टिंब दिले की तो हमखास म्हणे, "थांब. दोन बोटं डावीकडे." काम संपवून घरी जायचे झाले की बाण नेऊन स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर ठेवी. तोंडाने काही बोलत नसे.

आणखी एक खोड होती. विजेरीचे सेल संपले की काका माऊसमधले काढून विजेरीत घाली. "विजेरीशिवाय खड्ड्यात कसं दिसायचं?" "आणि माऊसनं काय उपाशी मरायचं?" हे भांडण आठवड्यातून एकदा ठरलेले.

सहा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी पिशवी खुंटीला अडकवताना काका म्हणाला, "पोरी, एक व्हॉल्व्ह आपण चुकीचा मांडलाय असं वाटतंय. कुठला ते उद्या बघू." त्या रात्री तो झोपेतच गेला. पिशवी खुंटीलाच राहिली. ती उतरवायला कुणाचा हात धजला नाही आणि चारशे बारांपैकी चुकलेला कुठला, ते कुणालाच कळले नाही.

ते कळले त्या शुक्रवारी. बाजारामागच्या उतारावर मोठा पाइप फुटला होता. तिथला एकशे सदतीस नंबरचा व्हॉल्व्ह बंद केला की पाणी थांबणार होते. अकराच्या सुमारास जागेवरून साहेबांचा फोन आला.

"बाई, तुमच्या खुणेवर कमरेएवढा खड्डा खणलाय. आत चिखल आहे आणि एक बूट आहे. व्हॉल्व्ह नाही."

"नीट बघा ना साहेब."

"बूट नीट बघितला. डावा आहे." साहेब चिडले की असे बोलत. "बेकरीच्या तळघरात पाणी शिरलंय, पिठाची पोती तरंगायला लागलीत. बारापर्यंत जागा सांगा. नाहीतर मी टेकडीची टाकीच बंद करतो."

"टेकडीची? तिच्यावर हॉस्पिटल चालतं!"

"त्यांच्याकडे अर्ध्या तासाचं पाणी आहे. माझ्याकडे तेवढंही नाही. बारा."

त्याच हॉस्पिटलात तिची ताई दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जाई. रक्त धुणाऱ्या त्या मशीनला पाणी सतत लागते. मंगळवारी मशीन बिघडल्यामुळे तिचे अर्ध्यावरच थांबवावे लागले होते आणि आठवड्यात दुसऱ्यांदा तसे होता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. आज ती दहा वाजता मशीनला लागली होती. सुटायला दोन वाजणार होते.

नकाशावालीने उताराच्या रस्त्याचा नकाशा उघडला, माऊस हलवला... आणि बाण जागचा हलला नाही.

तिने माऊस आपटला. फुंकला. पदराने पुसला. मग तिने वैद्यबुवांना हाक मारली.

वैद्यबुवा म्हणजे कचेरीचा संगणक दुरुस्त करणारा. हातात काळी बॅग आणि आल्या आल्या "केव्हापासून त्रास आहे?" हा प्रश्न, म्हणून हे नाव.

"केव्हापासून त्रास आहे?"

"पाच मिनिटं झाली."

"त्याआधी काही जड खाल्लं होतं?"

"वैद्यबुवा, आज थट्टा नको. बारा वाजता पाणी जाणार आहे."

तिचा चेहरा पाहून तो मुकाट्याने कामाला लागला. माऊस उलटा केला. पोटाचा स्विच चालू, तांबडा दिवा लागलेला. तरी सेल बदलले. बाण ढिम्म. टेबलाची काच चकाकते म्हणून खाली कोरा कागद घातला. ढिम्म. संगणकाच्या पुढच्या बाजूला खोचलेले नखाएवढे डोंगल, ज्याच्यामार्फत माऊसचा निरोप संगणकाला पोचतो, ते काढून शेजारच्या खाचेत लावले. ढिम्म.

"आता रामबाण," तो म्हणाला. "बंद करून चालू."

त्यात पाच मिनिटे गेली. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"ठमे, इथे सिस्टर कुजबुजतायत. पाणी जाणार म्हणे?"

"छे गं. कोण म्हणतं?"

"खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो, लहानपणापासून. हे बघ, धुणं अर्धं झालंय. साबण लावलेला असताना नळ बंद करू नका, एवढंच माझं म्हणणं. बाकी तुमचं चालू द्या."

तिने फोन ठेवला. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होते. ताईचे बोलणे नेहमी असेच, माणसाला धड रडू देत नसे.

संगणक उठला. नकाशा उघडला. बाण तिथेच. वैद्यबुवाने बॅगेतून तारेचा जुना माऊस काढून जोडला. "याला कधी काही होत नाही. माझ्या आजोबांसारखा आहे."

बाण हलला! नकाशावालीने तो उताराच्या रस्त्याकडे नेला. अर्ध्या वाटेवर बाण थांबला. तिने जोर लावला. बाण थरथरला आणि हळूहळू, हट्टी गाईच्या दाव्यासारखा, डावीकडे ओढला गेला. तिने पुन्हा उजवीकडे नेला. तो पुन्हा डावीकडे.

"सोडा ना काका!" ती म्हणून गेली.

म्हणून गेली, आणि मग तिचे तिलाच ऐकू आले. सहा महिन्यांत हे शब्द तिच्या तोंडी आले नव्हते.

"कोण काका?" वैद्यबुवाने विचारले.

तिने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. वैद्यबुवाने तारेचा माऊस उपटला. तिच्या माऊसचे डोंगलही उपटले. आता त्या संगणकाला हात असा उरला नाही.

बाण हलत होता.

ठेचकाळत... थांबत... पुन्हा एक पाऊल टाकत. खोलीत फरशीखालची घरघर एकदम स्पष्ट ऐकू येऊ लागली. ग्रीसचा वासही वाढला होता, ताजा, हाताला लागावा असा. माणूस चालीवरून ओळखू येतो म्हणतात. नकाशावालीने ओळखला होता; पण ओळखले असे स्वतःशीही म्हणण्याची तिची तयारी नव्हती.

"घाबरू नका," वैद्यबुवा म्हणाला, आणि त्याचा स्वतःचा आवाज बारीक झाला होता. तो टेबलाखाली शिरला. थोड्या वेळाने आतून विजयी आरोळी आली. "सापडलं! मागच्या बाजूला आणखी एक डोंगल आहे! म्हणजे याचा माऊस इथेच दहा पावलांत कुणाच्या तरी हातात आहे. कुणीतरी आपली टिंगल करतंय, बाई. कुणाचा होता तो?"

नकाशावालीने दाराकडे पाहिले. खुंटीवरची पिशवी धुळीने करडी झाली होती. तिने स्वतःच ती उतरवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. आत टेप, खडू, विजेरी, आणि रुमालात नीट गुंडाळलेला माऊस. रुमालाची गाठ तशीच होती.

"दाबलं गेलं असेल पिशवीत," वैद्यबुवा म्हणाला. त्याने गाठ सोडली आणि माऊसच्या पोटाचे झाकण उघडले.

आत सेल नव्हते.

त्याने झाकण लावले आणि परत उघडले, जणू दुसऱ्या खेपेला आत काही निघणार होते. मग विजेरी उघडली. माऊसचे दोन्ही सेल तिच्यात होते. फुगलेले, फुटलेले, पांढरी भुकटी झालेले.

"उपाशी माऊस आहे हा..." तो कुजबुजला. "बाई, मागचं डोंगल... काढू का मी?"

"हात लावू नका!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पंपघरातला माणूस दारात डोकावून गेला.

कारण बाण उताराच्या रस्त्यावर पोचला होता. शिंप्याच्या दुकानासमोर त्याने एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. आणि थांबला.

बारा वाजायला अठरा मिनिटे होती. तिने स्वतःची खूण शोधली. तो बूट सापडला ती जागा. ती उजवीकडे होती, बरीच लांब. किती लांब? तिने जन्मात कुणाला करू दिले नव्हते ते केले: काचेवर बोटे टेकवली. तिची खूण आणि बाणाचे टोक, यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटे बसली.

आणि तिला तो दिवस आठवला. काकाने अख्खा रस्ता समोर ठेवून म्हटले होते, "दोन बोटं डावीकडे." तिने टिंब नीट दिसावे म्हणून आधी नकाशा मोठा केला आणि मग दोन बोटे सरकवले. मोठ्या नकाशावरची दोन बोटे म्हणजे रस्त्यावरची दोन पावले. लहान नकाशावर तीच दोन बोटे वीस पावले होत होती. काकाची बोटे तीच राहिली. खालचा रस्ता तिने ताणला होता.

तिने फोन उचलला. "साहेब, शिंप्याच्या दुकानाची पायरी दिसते? तिच्या समोर खणा. डांबराखाली आहे."

"खात्री आहे?"

"चावीकाकांनी सांगितलंय."

"कधी?"

"साहेब, खणा हो!"

फोन चालूच राहिला. कुदळीचे घाव ऐकू येत होते, मधूनमधून मुकादमाचा आवाज, आणि शिंप्याचाही, कारण त्याची पायरी चालली होती. वैद्यबुवा घड्याळाकडे बघत नखे खात होता. बाराला सात मिनिटे. बाराला पाच. बाण हलत नव्हता. पण स्थिरही नव्हता, म्हाताऱ्या हातासारखा जागच्या जागी थरथरत होता. बाराला चार...

ठण्ण.

"लोखंड!" मुकादम ओरडला. "मॅडम, झाकण आहे! चावी आणा रे!"

किती आटे फिरले ते तिने मोजले नाही. पण पायाखालची घरघर हळूहळू बदलली, एक सूर खाली आली, जशी ती एखादा मोठा व्हॉल्व्ह बंद झाला की येत असे. साहेबांचा आवाज आला, "थांबलं. बाई, पाणी थांबलं. टाकी चालूच ठेवतोय." मग जरा दबक्या आवाजात, "काकांना... म्हणजे, जे कोण आहे त्यांना, सांगा."

दोन वाजता ताईचा फोन आला. "झालं गं धुणं. वाळत घालायला घरी निघालेय."

पण ते नंतरचे. साहेबांनी फोन ठेवला तेव्हा स्क्रीनवरचा बाण शिंप्याच्या दारातून निघाला, ठेचकाळत खालच्या कोपऱ्याकडे गेला आणि घड्याळावर जाऊन बसला. पुन्हा हलला नाही.

"चला," नकाशावाली हळूच म्हणाली. "काका निघाले."

वैद्यबुवाने तिच्या माऊसचे डोंगल परत खोचले. तरी माऊस मेलेलाच. सवयीने तिने तो उलटा केला. दिवा विझलेला होता. पोटाचा स्विच बंद होता. हाच स्विच वैद्यबुवाने तिच्यादेखत चालू असलेला पाहिला होता, आणि त्याला नंतर दोघांपैकी कुणाचाही हात लागला नव्हता. तिचा बंद, त्याचा चालू. तिने स्विच सरकवला आणि बाण शहाण्यासारखा तिच्या हाताखाली आला.

तक्रारवहीत वैद्यबुवाला काहीतरी लिहिणे भाग होते. त्याने बराच वेळ पेन चावले आणि लिहिले: "दोष — स्विच बंद होता. उपाय — चालू केला." आणि सही ठोकली. ही नोंद खोटी आहे असे म्हणता येत नाही.

पहिले दोन पाठ येथे थांबतात. तिसरा एक दिवस पुढे जातो.

निघण्यापूर्वी नकाशावालीने विजेरीतले कुजलेले सेल फेकून दिले. विजेरी पुसून रिकामीच पिशवीत ठेवली. मग ड्रॉवरमधून दोन नवे कोरे सेल काढून काकाच्या माऊसमध्ये घातले. "घ्या, आता तरी त्याला उपाशी ठेवू नका," असे मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरे कुणी नव्हते. माऊस रुमालात बांधला, गाठ मारली, पिशवी खुंटीला लावली, दाराला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःबरोबर घरी नेली.

शनिवारी सकाळी तिनेच कुलूप उघडले. पिशवी खुंटीलाच होती. रुमालाची गाठ तिने मारली होती तशीच होती. तिने ती सोडली आणि माऊसचे झाकण उघडले.

आत सेल नव्हते. आणि विजेरी पिशवीत नव्हती.